ओवा, अळू, मुंगी आणि हाइलचा उन्हाळा



हाइल म्हटलं की आमच्या रियाध-जुबैलच्या मित्रांनासुद्धा क्षणभर थांबावं लागतं. "ते वर कुठेतरी आहे ना?" हो, तेच ते. रियाधच्या वायव्येला सहाशे किलोमीटरहून जास्त, समुद्रसपाटीपासून साधारण हजार मीटर उंचीवर, अजा डोंगराच्या कुशीत. लहानपणी ज्या हातिमताईच्या गोष्टी आपण वाचल्या, तो तय्य टोळीचा हातिम इथलाच. मराठी घरं बोटांवर मोजण्याएवढी, त्यामुळे दिवाळीच्या फराळाला चार घरं जमली की झालं आमचं मंडळ! आणि सुट्टीच्या शुक्रवारी जायचं कुठे, तर दादांच्या मझऱ्यावर.

मझरा म्हणजे शेत. दादा मूळचे वाईकडचे, इथे एका सौदी मालकाच्या शेतावर देखरेखीला आहेत. खजूर, थोडी भाजी आणि गोल फिरणाऱ्या पाण्याच्या यंत्राखाली लसूणघास (इथे तिला बरसीम म्हणतात). तीन वर्षांपूर्वी मालकांनी सहा मधपेट्या आणल्या आणि दादांना म्हणाले, "तुझ्या गावाकडे मध असतो ना? मग बघ तू." मधातला वाटाही कबूल केला. दादा खूश. लहानपणी महाबळेश्वरच्या बाजूला मामाकडे सातेरीच्या पेट्या पाहिलेल्या, त्यांना वाटलं आपल्याला येतं की सगळं.

आणि मग पहिल्याच वर्षी सहातल्या चार पेट्या रिकाम्या झाल्या. मालक रागावले नाहीत, पण म्हणाले, पुन्हा असंच झालं तर हा उद्योग बंद; इतर लोक करतात तसं दर वर्षी इजिप्तहून नव्या माश्या मागवू, मध काढू आणि सोडून देऊ. म्हणजे सांभाळायला माणूस नको, आणि दादांचा वाटाही नको! तेव्हा आम्ही, म्हणजे ज्यांचा मधमाशीशी संबंध फक्त चितळ्यांच्या दुकानातल्या बाटलीपुरता होता असे दोन आयटीवाले आणि एक बांधकामवाले, या भानगडीत पडलो. गेल्या दोन वर्षांत जे शिकलो ते इथे लिहितोय, कारण मंडळातल्या बऱ्याच जणांनी हल्ली घरामागे पेटी ठेवली आहे असं ऐकतो. ऑस्ट्रेलियातल्या मंडळींना तर हे लवकरच लागणार आहे.

शत्रूचं नाव व्हरोआ. गोचिडीच्या जातकुळीतला, तपकिरी-लाल, दीड मिलिमीटर रुंदीचा चपटा कोळी. माशीच्या अंगाला चिकटतो आणि तिच्या अंगातली चरबी खातो. आपल्या मानाने बघायचं तर पाठीवर ताटाएवढा खेकडा घेऊन ऑफिसला जायचं! त्याहून वाईट म्हणजे तो सोबत विषाणू पसरवतो; पंख चुरगळलेल्या माश्या पेटीसमोर रांगताना दिसल्या की समजायचं फार उशीर झाला.

गंमत अशी की हा आपल्याकडचाच, म्हणजे आशियातला. आपली सातेरी माशी आणि व्हरोआ हजारो वर्षांचे शेजारी. सातेरी कामकरी त्याला अंगावरून झटकतात, चावून टाकतात, आणि तिच्या पोळ्यात तो फक्त नर माश्यांच्या कोठड्यांतच पिल्लं घालू शकतो. म्हणून दादांच्या मामांनी आयुष्यात कधी पेटीला औषध घातलं नाही. दादा सुरुवातीला हेच सांगायचे, "अरे, आमच्याकडे असलं काही नव्हतं!" खरं होतं ते. पण गेल्या शतकात माणसाने युरोपातली मेलिफेरा माशी पूर्व आशियात नेली, आणि व्हरोआला असा यजमान सापडला ज्याला पाहुण्याला घालवायचं कसं हे माहीतच नव्हतं. तिथून तो जगभर गेला. अमेरिकेत १९८७, ब्रिटनमध्ये १९९२, न्यूझीलंडमध्ये २०००. ऑस्ट्रेलिया एवढी वर्षं वाचली होती, तिथे जून २०२२ मध्ये न्यूकॅसल बंदराजवळ सापडला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने समूळ नायनाटाचा प्रयत्न सोडून "याच्यासोबत जगायचं" असं ठरवलं. शास्त्रज्ञांनाही तो कोण हे नीट कळायला २००० साल उजाडलं. तोपर्यंत त्याला जावामध्ये सापडलेला जुना 'जेकबसोनी'च समजत होते, मग अँडरसन आणि ट्रूमन यांनी दाखवलं की हा वेगळा, आणि नाव ठेवलं 'डिस्ट्रक्टर'. नावातच सगळं आलं.

आता औषध. इथेच आमच्यातल्या इंजिनियरला उत्साह आला, कारण या रोगावरची तीन मुख्य 'सेंद्रिय' औषधं आपल्या ओळखीची निघाली. एक फॉर्मिक आम्ल, लाल मुंगी चावल्यावर जी आग होते त्यातलं. दुसरं थायमॉल, म्हणजे ओव्याचा वास ज्याच्यामुळे येतो तो पदार्थ. तिसरं ऑक्झॅलिक आम्ल; अळू, चुका, पालक यांच्यात असतं, अळू नीट शिजलं नाही की घसा खाजतो तो याच्याच कॅल्शियम क्षाराच्या सुयांमुळे. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे माशीला पोटदुखी झाल्यावर ओवा द्यायचा, एवढंच ना?" जवळजवळ. (रासायनिक पट्ट्याही मिळतात, अमिट्राझच्या वगैरे. त्या माश्यांच्या पायांना लागून काम करतात, हवामानाचा त्यांना त्रास कमी. पण पट्ट्या वर्षानुवर्षं वापरल्या की व्हरोआ दाद देईनासा होतो, हे अनेक देशांत घडलं आहे. आम्ही त्या वाटेला गेलो नाही.)

पण ओवा आणि मुंगी या दोघांचीही एक अट आहे: ते हवेत उडाले तरच काम करतात. पेटीत पट्टी किंवा जेल ठेवायचं, त्याची वाफ पसरते, माशीला सोसेल आणि व्हरोआला सोसणार नाही एवढीच ती असायला हवी. म्हणजे सगळा खेळ वाफ किती वेगाने होते यावर. आणि वाफ कशावर अवलंबून? तापमानावर. बारावीचं रसायनशास्त्र आठवा, बाष्पदाब! शुद्ध फॉर्मिक आम्लाचा बाष्पदाब २५ अंशांना असतो त्याच्या जवळजवळ दुप्पट ४० अंशांना होतो. औषध तेच, पेटी तीच, फक्त बाहेर मे महिना.

आमची चूक इथेच झाली, आणि ती सविस्तर सांगतो, कारण ती कुणीही करेल.

पहिल्या वर्षीच्या पडझडीनंतर वसंतात मोजणी केली तर व्हरोआ भरपूर. फॉर्मिकच्या पट्ट्या मिळवल्या. पाकिटावर स्पष्ट लिहिलेलं: १० ते २९.५ अंश. मे महिन्याचा पहिला शुक्रवार, सकाळी आठ वाजता शेतावर २६ अंश. आम्ही खूश, मर्यादेच्या आत! हातमोजे घालून, नाकाला फडकी बांधून, सहाही पेट्यांत पट्ट्या ठेवल्या (मेलेल्या चार पेट्यांच्या जागी नव्या माश्या आलेल्या होत्या). दुपारी पारा ३६ वर. पाकिटावर पुढे लिहिलेलं होतं की हे तापमान दिवसाचं कमाल धरायचं आणि पहिले तीन दिवस ३३ च्या वर गेलं तर पिलावा मरू शकतो, राणी जाऊ शकते. ते आम्ही वाचलं, पण संध्याकाळी. मंगळवारी दादांचा फोन, "पेटीसमोर पांढऱ्या अळ्यांचा सडा पडलाय." दोन राण्या गेल्या. दोष औषधाचा नाही, बनवणाऱ्याचाही नाही. जे लोक दिवसभर दुसऱ्यांना 'आधी मॅन्युअल वाचा' सांगून पगार घेतात, त्यांनी मॅन्युअल अर्धंच वाचलं.

त्या दिवशी आणखी एक उद्योग केला होता. उरलेल्या पट्ट्या गाडीच्या डिकीत राहिल्या. हाइलच्या उन्हात बंद गाडीत काय होतं हे तुम्हांला माहीत आहे. दुपारी दार उघडलं तर डोळ्यांतून धारा, आणि पुढचे दोन आठवडे मुलं गाडीत बसायला तयार नाहीत. विनोद सोडा, ही वाफ फुप्फुसांना खरोखर धोकादायक आहे. औषध सावलीत, थंड जागी, मुलांपासून दूर आणि घराबाहेर ठेवा.

मग एक शंका आली, आणि ती रास्त होती. मधमाश्या तर पिलाव्याच्या भागात कायम ३५ अंशांच्या आसपास तापमान राखतात, हिवाळा असो की उन्हाळा. मग बाहेर २६ असो की ४०, पट्टीला काय फरक पडतो? पेटीच्या आत तर ३५च!

याचं उत्तर शोधायला आम्हांला बराच वेळ लागला, आणि ते सापडलं नागपूरच्या कूलरमध्ये. नागपूर-अकोल्याकडच्या मंडळींना सांगायला नको, उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्या आणि कूलर कसा गारवा देतो. तोच कूलर मुंबईत नेला की नुसता दमट वारा. कारण पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते, आणि वाफ कोरड्या हवेत भरभर होते, दमट हवेत होत नाही. हाइलला उन्हाळी दुपारी ४० अंश आणि दहा टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या फडक्यावरून वाहणारी हवा तत्त्वतः १९ अंशांपर्यंत उतरू शकते. मुंबईत किंवा जुबैलच्या किनाऱ्यावर ३५ अंश आणि सत्तर टक्के असताना तीच हवा ३० च्या खाली जात नाही.

मधमाश्यांची पेटी म्हणजे हाच कूलर. काही माश्या पाणी आणतात, पोळ्यावर थेंबथेंब पसरतात, बाकीच्या पंखांनी वारा घालतात. मार्टिन लिंडाउअर या जर्मन शास्त्रज्ञाने पन्नासच्या दशकात इटलीतल्या लाव्हाच्या मैदानावर भर उन्हात पेटी ठेवून पाहिली होती. बाहेर ६० अंश, पाणी जवळ असेपर्यंत आत ३५-३६! (इथे कुणीतरी म्हणालं की आमच्या ऑफिसच्या एसीवाल्याला हे दाखवा. असो.)

तर बाहेर ४० असताना आत ३५ राहतं ते फुकट नाही. शेकडो माश्या सतत पंखे चालवत असतात, पेटीतली हवा वेगाने बदलत असते. अशा पेटीत तुम्ही फॉर्मिकची पट्टी ठेवली की दोन गोष्टी होतात. पट्टी असते चौकटींच्या वर, झाकणाखाली, जिथे तापलेल्या पत्र्यामुळे ३५ हून बरंच जास्त तापमान असतं. त्यामुळे पहिल्या काही तासांत वाफेचा लोंढा येतो. आणि दुसरीकडे माश्यांचे पंखे ती वाफ बाहेर फेकत राहतात, कोरडी हवा आत येत राहते, पट्टी आणखी लवकर सुकते. ज्या औषधाने आठवडाभर बेताबेताने काम करायचं ते दोन-तीन दिवसांत संपतं. आयटीच्या भाषेत सांगायचं तर सरासरी लोड अगदी बरोबर, पण पहिल्या तासाच्या पीकला सर्व्हर झोपला, आणि नंतरचे चार दिवस कुणी लॉगिनच केलं नाही. राणी आणि अळ्या लोंढ्यात सापडतात, आणि औषध संपल्यावर कोठडीतून बाहेर येणारे व्हरोआ मात्र आरामात असतात.

कारण व्हरोआचा मुक्काम बंद कोठडीत. कामकरी माशीची अळी मोठी झाली की तिच्या कोठडीवर मेणाचं झाकण बसतं, बारा दिवस. मादी व्हरोआ झाकण बसायच्या जरा आधी आत घुसते आणि आतच बाळंत होते. पिलावा भरात असताना निम्म्याहून जास्त व्हरोआ या झाकणांखाली असतात. ओवा आणि अळू झाकणाच्या आत पोचत नाहीत. तिघांत फक्त फॉर्मिकची वाफ झाकणातून आत जाते, म्हणूनच लोक त्याच्या मागे असतात. आणि नेमकं तेच उन्हाला सर्वांत नाजूक. आता काय करायचं?

दरम्यान दादांनी एक वेगळाच मुद्दा काढला. एवढ्या उन्हात आणि कोरड्या हवेत तो किडा मरत कसा नाही? यावर खरंच अभ्यास झालेले आहेत. व्हरोआला पिल्लांसाठी ३३ अंशांच्या आसपासचं तापमान सर्वांत मानवतं, ३६.५ च्या वर त्याची पैदास घटते आणि ३८ च्या वर तो कोठडीतच मरू लागतो. पण माशी तर स्वतःच्या पिल्लांसाठी ३५ राखतेच. कूलरची हवा पाहुण्यालाही लागते! आर्द्रतेचं तर उलटंच. १९९७ साली क्राउस आणि फेल्टहाउस यांनी दाखवलं की ६०-७० टक्के आर्द्रतेत निम्म्याहून अधिक व्हरोआंना पिल्लं होतात, आणि ८० च्या वर नेली तर शंभरात जेमतेम दोघांना. म्हणजे कोरडा मुलूख त्याला उलट सोयीचा. हे ऐकून आमच्यातल्या एकाने पेटीत मुलांच्या खोलीतला ह्युमिडिफायर लावायचा प्रस्ताव मांडला होता. तो बहुमताने फेटाळला, कारण माश्या आतली आर्द्रता त्यांना हवी तेवढीच ठेवतात, जास्तीची पंख्याने बाहेर काढतात.

मात्र कोरडेपणाचा माश्यांना स्वतःला त्रास असतो. राणीची अंडी पन्नास टक्क्यांपेक्षा कमी आर्द्रतेत उबतच नाहीत, त्यांना नव्वदच्या पुढची लागते. हाइलला जुलैच्या दुपारी बाहेर वीस टक्केसुद्धा नसते. म्हणजे पाणी हे माशीला पिण्यासाठी, गारव्यासाठी आणि अंड्यांसाठीही. पहिल्या वर्षी पाण्याची टाकी पेट्यांपासून लांब होती. आम्ही आता मानतो की चार पेट्या गेल्या त्या नुसत्या व्हरोआने नाही. अर्ध्या माश्या पाणक्या झाल्या होत्या, अशा पेटीला रोगाशी लढायला माणूसबळच उरत नाही. आता पेट्यांजवळ उथळ परातीत खडे टाकून पाणी ठेवतात, वर हिरवी जाळी बांधली आहे. औषधाआधी हे दोन खर्च करा. दोन्ही मिळून एका पाकिटापेक्षा स्वस्त पडतात.

तर वेळापत्रक. हाइलचं हवामान थोडं अभ्यासलं तर चित्र स्पष्ट होतं. मे ते सप्टेंबर फॉर्मिकचं नाव काढायचं नाही. ऑक्टोबरमध्येही दुपारी ३१-३२ होतात, म्हणजे मोह होतो पण थांबायचं. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा ते महिनाअखेर, आणि मग मार्च, या खऱ्या खिडक्या. दिवसा २३-२४, माश्या हालचाल करताहेत, पट्टी सावकाश उडते. डिसेंबर-जानेवारीत रात्री पाच अंशांपर्यंत आणि कधी त्याखाली, माश्या गोळा करून बसतात, तेव्हा ओवा आणि मुंगी दोघंही निरुपयोगी. ओव्याला, म्हणजे थायमॉलच्या जेलला, किमान १५ अंश लागतात आणि ४० च्या वर तो चालत नाही. काम चार आठवड्यांचं. त्यामुळे तो आम्हांला सप्टेंबरअखेरीपासून चालला असता. पण त्याच सुमारास सिद्रचा बहर. सिद्र म्हणजे आपल्या बोरीची बहीण, तिचा मध इथे सोन्याच्या भावाने जातो, आणि थायमॉल ठेवलं की मधाला ओव्याचा वास! ओवा घातलेला सिद्र मध मालकांना देण्याची हिंमत दादांना झाली नाही. (तल्ह, म्हणजे बाभळीच्या नात्यातलं झाड, त्याचा मधही इथे मान्यवर, पण बहर तापत्या दिवसांत येतो.)

राहिलं अळू. ऑक्झॅलिक आम्ल उडत नाही, माशीच्या अंगाला लागून काम करतं, त्यामुळे उन्हाचा त्याला फारसा फरक नाही. अडचण एकच, झाकणाखालच्या व्हरोआला ते पोचत नाही. थंड देशांत भर हिवाळ्यात राणी अंडी घालायची थांबते, झाकणंच नसतात, तेव्हा एकदा दिलं की काम झालं. लंडन, टोरंटोच्या मंडळींनी नाताळच्या आसपास हेच करावं. हाइलला हिवाळा आहे, पण लसूणघासीला पाणी बारा महिने, फुलं काही ना काही असतात, राणी पूर्ण थांबेल याचा भरवसा नाही.

मग राणीलाच थांबवायचं ठरवलं. ऑगस्टमध्ये राणीला छोट्या पिंजऱ्यात ठेवलं, पेटीतच. कामकरी तिला खाऊ घालू शकतात, ती अंडी घालू शकत नाही. चोवीस दिवस, कारण कामकरी एकवीस दिवसांत आणि नर चोविसाव्या दिवशी बाहेर येतो. त्यानंतर पेटीत एकही बंद कोठडी नाही, सगळे व्हरोआ उघड्यावर. मग ऑक्झॅलिक: एक लिटर साखरपाण्यात ३५ ग्रॅम, दोन चौकटींमधल्या माश्यांवर प्रत्येक फटीत ५ मिलिलिटर, पेटीला एकूण ५० च्या वर नाही. साखर कशाला? गोडीसाठी नाही, ओलाव्यासाठी. साखर ओल धरून ठेवते आणि आम्ल माशीच्या अंगावर टिकतं. हाइलच्या हवेत नुसत्या पाण्यातलं आम्ल क्षणात सुकून खडे होतं.

आणि वेळ, पहाटेची. हे कुठल्या पाकिटावर लिहिलेलं नव्हतं. पहिल्यांदा आम्ही संध्याकाळी गेलो, ऊन उतरल्यावर. पाहतो तर निम्म्या माश्या पेटीबाहेर दाढीसारख्या लोंबकळत होत्या, आत उकडतं म्हणून. आतल्यांना औषध देऊन बाहेरच्यांचं काय? परत आलो. पुढच्या शुक्रवारी फज्रच्या अजानच्या वेळी पोचलो. हवा गार, सगळी मंडळी घरात, अर्ध्या तासात काम झालं आणि आठच्या आत घरी पोह्यांना.

दमट भागातल्या वाचकांसाठी एक सूचना. हल्ली ऑक्झॅलिक ग्लिसरीनमध्ये भिजवून पट्ट्यांतून महिना-दोन महिने देण्याची पद्धत निघाली आहे. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या उन्हाळ्यात तिचे निकाल छान आले, आणि जॉर्जियासारख्या दमट राज्यात तितके आले नाहीत. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं. म्हणजे ह्यूस्टन, सिंगापूर, जुबैल इथल्यांनी आमच्यासारख्यांचे अनुभव वाचून लगेच तसंच करू नये. आपल्या देशात कोणतं औषध मान्य आहे हेही आधी विचारा.

माशीच्या जातीचा प्रश्नही आहेच. इजिप्तहून येणाऱ्या माश्यांपेक्षा इथली स्थानिक येमेनी जात आकाराने लहान, पण उन्हाला चिवट. रियाधच्या किंग सौद विद्यापीठात मधमाशी संशोधनाचं खास अध्यासन आहे, तिथल्या अभ्यासातही कडक उन्हाळ्यात स्थानिक माश्याच जास्त तगलेल्या दिसल्या. दादांनी मालकांकडून दोन पेट्या तशा मिळवल्या आहेत. चावतात मात्र जास्त, हे आमचं निरीक्षण, शास्त्रीय नाही.

मोजणीबद्दल सांगायचं राहिलंच. औषधाआधी आणि नंतर मोजलं नाही तर सगळं देवाच्या भरवशावर. अर्धा कप माश्या, म्हणजे साधारण तीनशे, जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्यायच्या (राणी त्यात नाही ना, हे तीनदा बघायचं), दोन चमचे पिठीसाखर घालायची, हलक्या हाताने घोळवायचं, आणि बरणी पांढऱ्या ताटावर पालथी धरून हलवायची. व्हरोआ साखरेसोबत ताटात पडतात, माश्या लाडू वळायच्या आधीच्या रव्यासारख्या पांढऱ्या होऊन घरी परततात आणि बाकीच्या त्यांना चाटून साफ करतात. ताटातल्या आकड्याला तीनने भागायचं, ती टक्केवारी. तीनच्या वर गेली की हालचाल करायची. ही एकच गोष्ट अशी आहे जिथे हाइलची हवा शंभर टक्के आपल्या बाजूने आहे. कोकणात पावसाळ्यात पिठीसाखरेचा गोळा होतो, इथे ती धुळीसारखी सुटी राहते.

मागच्या ऑगस्टमध्ये सर्वांत वाईट पेटीत एकवीस पडले होते, म्हणजे सात टक्के. पिंजरा आणि ऑक्झॅलिकनंतर चार. नोव्हेंबरमध्ये आठवर गेले, तेव्हा मात्र फॉर्मिक दिलं, दिवसाचं कमाल २४, तेही पुढच्या दहा दिवसांचा हवामानाचा अंदाज छापून, भिंतीला लावून, आणि पाकिट शेवटपर्यंत मोठ्याने वाचून. सहाही राण्या जागेवर राहिल्या. मालक एकदा येऊन पेट्या मोजून गेले, काही बोलले नाहीत, पण जाताना दादांना रिकाम्या चौकटी आणखी किती लागतील ते विचारून गेले.

पुढची मोजणी मार्चच्या दुसऱ्या शुक्रवारी. पिठीसाखर आणून ठेवली आहे. रियाधहून कुणाला बघायला यायचं असेल तर जरूर या, फक्त फिकट रंगाचे कपडे घाला आणि अत्तर लावू नका.